चालू घड्याळ उघडले जाणार नाही

आमच्या दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक पाटी दिसायची. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘चालू घड्याळ उघडले जाणार नाही.’ वडिलांनी ती रंगवून घेतली होती आणि ते गेल्यावर पंचवीस वर्षं मी ती पुसत आलो. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, तसं छान चाललंय, पण एकदा आतून बघून घ्या. मी मान वर न करता पाटीकडे बोट दाखवायचो. आता घड्याळ घालतंच कोण म्हणा. जो तो खिशातल्या फोनवर वेळ बघतो आणि तरी उशिराच येतो.

माझ्या मुलीला आम्ही चावी म्हणतो. चार वर्षांची असताना दुकानातल्या सगळ्या घड्याळांना चावी द्यायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं आणि एका दुपारी सतरा गजर एकदम वाजवून दाखवले. आता ती तेहतीस वर्षांची आहे. नवरा शाळेत भूगोल शिकवतो आणि ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसून घड्याळं दुरुस्त करते. हात माझ्यापेक्षा चांगला आहे तिचा. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, उगाच डोक्यावर बसायची.

तर या चावीच्या हातात चैत्रात नाही, श्रावणात नाही, अशाच एका कुठल्याशा मंगळवारी एक रिपोर्ट आला.

त्याचं असं झालं. मूल व्हावं म्हणून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. तिथे एक फॉर्म भरायचा होता, घरात कोणाला काय आजार होते त्याचा. तो फॉर्म घेऊन ती आमच्याकडे आली आणि माझ्या बायकोने तो धडाधड सांगून टाकला. तिच्या माहेरच्या सगळ्या बायका नव्वदीला टेकलेल्या, शेवटपर्यंत स्वतःचे दात असलेल्या. ते सांगताना तिची मान इतकी ताठ झाली की मला राहवलं नाही. मी पेपरामागून म्हणालो, “आमच्याकडच्या मात्र टिकल्या नाहीत. आई शेहेचाळिसाव्या वर्षी गेली, बहीण एक्केचाळिसाव्या.”

“कशाने?” चावीने पेन थांबवून विचारलं.

“दोघी कॅन्सरनेच की. तुला माहीत आहे.”

“कुठल्या?”

आता, स्तन हा शब्द मी मुलीसमोर जन्मात उच्चारला नव्हता. मी छातीकडे हात केला. बायको म्हणाली, “अगं, पण त्या बापाकडच्या. त्यांचं कशाला लिहितेस?”

आमची चूक झाली ती इथेच. इतकी वर्षं आम्ही सगळे हेच धरून चाललो होतो की बायकांचे आजार आईकडून येतात आणि बाप मधे कुठे बसतच नाही. चावीने तरीही लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी ते वाचून पेन खाली ठेवलं आणि तिचं रक्त तपासायला पाठवलं, मग माझंही. एक जनुक बिघडलेलं होतं. माझ्या आईकडून ते माझ्याकडे आणि बहिणीकडे आलं. मला आजवर काही न करता ते माझ्यात मुकाट बसून राहिलं, आणि माझ्याकडून चावीकडे गेलं.

दवाखान्यात रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या बाई फार गोड होत्या. त्यांनी कागदावर शंभर ठिपके असलेलं एक चित्र दाखवलं. अशा शंभर जणींतल्या सत्तरेक जणींना कधी ना कधी छातीचा कॅन्सर होतो. दोन वाटा आहेत, म्हणाल्या. एक म्हणजे दरवर्षी बारकाईने तपासण्या करत राहायचं, म्हणजे आलाच तर लवकर सापडेल. दुसरी म्हणजे तो यायच्या आधीच दोन्ही बाजूंचा आतला भाग काढून टाकायचा आणि त्याच वेळी आकार पुन्हा तयार करून घ्यायचा. त्याने धोका अगदी थोडा उरतो, पण पुसून जात नाही. बीजकोशांनाही धोका असतो, पण त्यांचं नंतर बघू, मूल झाल्यावर, चाळिशीच्या आत. घाई नाही, पण विसरूही नका.

“आणि तुम्ही, बाबा,” त्या मला म्हणाल्या, “तुम्हीही दरवर्षी दाखवत जा. पुरुषांनाही थोडा धोका असतो.”

मी मान हलवली. मला त्यांच्या शंभर ठिपक्यांतला एकच दिसत होता.

त्यानंतर दोन महिने आमच्या घरात जे चाललं त्याला चर्चा म्हणतात. बायको रोज वेगळं बोलायची. सोमवारी “करून टाक एकदाचं,” मंगळवारी “चांगल्या धडधाकट पोरीला कापायचं म्हणजे काय,” आणि बुधवारी काहीच न बोलता भांडी आपटायची. जावई शहाणा. तो म्हणायचा, “तुला जे योग्य वाटेल ते.” पहिल्या वेळी चावीला ते ऐकून भरून आलं. विसाव्या वेळी ती त्याला म्हणाली, “तू नकाशातली उत्तर दिशा आहेस का रे? नेहमी एकाच जागी!”

आणि मी मूग गिळून बसलो होतो. एरवी गल्लीतल्या दिव्याच्या खांबापासून जावयाच्या बुटांपर्यंत सगळ्यावर माझं मत तयार असतं. चावी समोरून, बाजूने, आडून विचारायची, बाबा, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणायचो, तो चिमटा दे जरा.

मला काय वाटत होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. तिने ऑपरेशन करावं. आज करावं, काल करायला हवं होतं. पण तोंड उघडलं की चिमटाच बाहेर यायचा.

एका दुपारी दुकानात आम्ही दोघंच होतो. बायको डबा घेऊन यायची होती. चावीने टेबलावरचा दिवा विझवला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

“मी नाही करणार,” ती म्हणाली. “ठरलं माझं. दरवर्षी तपासणी करत राहीन.”

मी हातातला चिमटा पुसत राहिलो.

“मला काही होत नाहीये, बाबा. मी धावते, जिने चढते, शिंकसुद्धा येत नाही मला.” तिने मानेनेच भिंतीकडे खूण केली. “तुम्हीच शिकवलंय. चालू घड्याळ उघडायचं नाही.”

मी चाळीस वर्षं बोट दाखवत आलो ती पाटी तिने मला दाखवली. खरं सांगतो, त्या क्षणी ती पाटी खाली ओढून माझ्याच डोक्यात हाणावीशी वाटली.

मी माझ्या मनगटावरचं घड्याळ काढलं. साधं, हाताने चावी द्यायचं घड्याळ आहे. तीस वर्षं चाललंय आणि पाटीला जागून मी ते एकदाही उघडलेलं नव्हतं. मी ते पालथं घातलं आणि झाकण फिरवायला घेतलं.

“काय करताय? चालू आहे ते.”

“माहीत आहे. सकाळीच रेडिओशी ताडलंय. एवढंसंसुद्धा मागे नाही.” झाकण निघालं. मी डोळ्याचं भिंग काढून तिला दिलं. “बघ.”

ती वाकली. तिला सांगायची गरज नव्हती, तरी मी बोलत सुटलो. तेल वाळून डांबर झालंय. त्या मधल्या चाकाच्या टोकाशी तांबूस काळं दिसतंय ना, ती झीज आहे. सुकं टोक घासतंय, रोज, मिनिटाला मिनिट. आणि वरून काटे बघ कसे शहाण्यासारखे फिरतायत.

तिने भिंग काढलं.

“तुम्ही काय सांगताय ते कळतंय मला,” ती म्हणाली. “पण मी घड्याळ नाही, बाबा. घड्याळ पुसून, तेल घालून परत जोडता येतं. माझं काढलेलं परत बसत नाही. नंतर कितीही छान करून दिलं तरी तिथे मला हात लागलेला कळणारसुद्धा नाही, असं त्या बाई म्हणाल्या. बाळाला पाजता येणार नाही. हे तुमच्या कुठल्या चाकात आहे?”

तिचं बरोबर होतं. मी आपलं बोलायचं सोडून दाखल्यामागे लपलो होतो, आणि दाखला तरी धड निवडावा! हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी चिमट्याने, चावी उलटी फिरू न देणाऱ्या खटक्याजवळ उगाच चाचपलं आणि खटक्याची स्प्रिंग, नखाच्या कोरीएवढी, टिंग करून उडाली.

घड्याळजीचं दुकान ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. आम्ही दोघं जिथल्या तिथे थिजलो. अशा वेळी पाय उचलायचा नाही, हा पहिला नियम. मग हळूच गुडघ्यांवर यायचं. चावीने टॉर्च जमिनीला लागून आडवा धरला, म्हणजे बारक्या कणाचीही लांब सावली पडते. एक खिळा सापडला, दोन टाचण्या सापडल्या, आणि मागच्या वर्षी हरवली म्हणून मी शेजारच्या चष्मेवाल्यावर संशय घेतलेली किल्लीही सापडली. स्प्रिंग नाही.

तेवढ्यात डबा घेऊन बायको दारात उभी राहिली. बाप आणि लेक रांगताना बघून तिला आश्चर्य वाटलं नाही, पस्तीस वर्षं संसार केलाय तिने. “थांबा, ते मोठं चुंबक आणते,” म्हणाली.

“चुंबक नको!” आम्ही दोघं एकदम ओरडलो. स्प्रिंगला चुंबकत्व लागलं की घड्याळ वेड्यासारखं धावतं.

“बरं बाई, बसा शोधत जन्मभर,” असं म्हणून ती डबा ठेवून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. दार मात्र उघडंच ठेवलं तिने.

आम्ही टेबलाखाली शिरलो. खाली अंधार होता आणि एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, म्हणूनच असेल, चावी बोलली.

“मला कशाची भीती वाटते सांगू? शंभरातल्या तीस जणींना काहीच होत नाही. मी त्या तिसांतली असले तर? सगळं कापून बसले आणि ते कधी येणारच नव्हतं, तर? ते मला कधीच कळणार नाही. मग चिडायचं तरी कोणावर? सही माझी, शरीर माझं.”

मी तिच्या हातातला टॉर्च बंद केला.

“तुला ती पाटी कशी आली माहीत आहे का?” मी विचारलं.

“आजोबांचा नियम.”

“तुझ्या आजोबांच्या आधी असला काही नियम नव्हता. ते वर्षाला प्रत्येक घड्याळ उघडायचे, चालू असो, बंद असो. मग मी शिकायला बसलो. एका हेडमास्तरांचं चालू घड्याळ मी उघडून साफ केलं. आठवड्याने ते बंद पडलं आणि हेडमास्तर भर रस्त्यात ओरडले, तुम्ही हात लावेपर्यंत चांगलं चालत होतं! बंद माझ्यामुळे पडलं की आपसूक, कोणाला माहीत. पण बोल आम्हाला लागला. दुसऱ्या दिवशी पाटी आली. ती आमच्यासाठी होती गं. घड्याळाचं भलं तिच्यात कधीच नव्हतं. चालू आहे ते उघडलं नाही, म्हणजे आपल्याला कोणी दोष देत नाही.”

पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही.

“तुझी आत्या दुकानात आली होती. तू आठ वर्षांची असशील. म्हणाली, दादा, डॉक्टर म्हणतायत, आईचं असं झालं तर तू दरवर्षी तपासून घे. मला तर काही होत नाहीये, काय करू? आणि मी हसत पाटीकडे बोट दाखवलं. म्हणालो, चालू आहे ना? मग उघडतेस कशाला? तीही हसली. दोन वर्षांनी गेली.”

बाहेर बाकावर बायकोच्या हातातलं वर्तमानपत्र वाजायचं थांबलं.

“म्हणून तुम्ही दोन महिने गप्प होतात?” चावीने अगदी हळू विचारलं.

“एकदा बोललो, त्याचं असं झालं. पुन्हा तोंड उघडायची हिंमत होईना. तुला कर म्हणावं आणि काही वाईट झालं तर? नको म्हणावं आणि...” तेवीस वर्षं आत ठेवलेलं टेबलाखाली, धुळीत, गुडघे दुखत असताना बाहेर आलं. “ते बिघडलेलं माझ्याकडून आलंय तुझ्यात. निदान दोष तरी मला घेऊ दे. मी सांगतो, कर ऑपरेशन. मला तू हवी आहेस, म्हातारी झालेली, दात पडलेली, माझ्यावर खेकसणारी. नंतर कधी वाटलं की उगाच केलं, तर कुढत बसू नको. सरळ माझ्याकडे ये आणि म्हण, बाबा, तुमची चूक.”

तिने टेबलाच्या पायाला पाठ टेकली. मग नाक ओढलं.

“तुम्ही आणि चूक कबूल करणार? चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाची केली नाहीत.”

“ही करीन.”

“लिहून द्याल?”

“देईन.”

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि मग एकदम मागे झाली. “बाबा, हलू नका.” माझ्या बाहीच्या दुमडीत बारीकसं काही चमकलं होतं; तिने टॉर्च लावला आणि चिमट्याने अलगद स्प्रिंग उचलली. अर्धा तास ती माझ्याच अंगावर होती.

बाहेरून बायको म्हणाली, “काखेत कळसा अन् गावाला वळसा.” तिचाही आवाज धड नव्हता.

चावीने त्या दिवशी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चार दिवसांनी सकाळी दुकान उघडता उघडता म्हणाली, “तारीख घेतलीय. आणि तुम्ही सांगितलं म्हणून नाही हं. परवा रात्री दोन कागद केले. करायचं नाही त्या कागदावर माझी सगळी कारणं मावली. करायचं त्यावर एकच लिहिलं, मला माझ्या लेकराला शाळेत सोडून यायचंय आणि ते कॉलेजात गेलेलंही बघायचंय. दुसरा कागद जड वाटला.”

“माझं नाव कुठल्या कागदावर होतं?”

“कुठल्याच नाही. तुमचा कागद वेगळा आहे, तुम्ही लिहून देणार होतात तो.”

मी त्याच दिवशी पाटी काढली. भिंतीवर तिच्या आकाराचा फिकट चौकोन राहिला आणि पहिल्याच गिऱ्हाइकासमोर माझं बोट सवयीने त्या चौकोनाकडे गेलं. चावी खाली मान घालून हसत होती. मी त्या माणसाचं चालू घड्याळ ठेवून घेतलं आणि त्याला शनिवारी यायला सांगितलं.

ऑपरेशनच्या दिवशी सगळे फार नीट वागत होतो. जावई पहिल्यांदाच उत्तर दिशा सोडून इकडून तिकडे फिरत होता. चावीला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा नर्स म्हणाली, अंगावरचं सगळं काढून ठेवा. तिने मनगटावरचं घड्याळ काढलं. ते तिच्या आत्याचं. बहीण गेल्यावर मी ते चावीला दिलं होतं आणि तेही कधी उघडलेलं नव्हतं.

“धरा,” तिने ते माझ्या तळहातावर ठेवलं. “चालू आहे. मी घरी येईपर्यंत उघडून साफ करून ठेवा. आणि खटका सांभाळा.”

दार लागलं. सहा तास मी ते मुठीत धरून बसलो. बायको माझ्या शेजारी होती. मधेच तिने माझी मूठ आपल्या हातात घेतली आणि म्हणाली, “तिला मी बुधवारी भांडी आपटून दाखवत होते ना, ते मला तुम्हाला विचारायचं होतं, काय करायचं म्हणून.” मी म्हणालो, मग विचारायचंस. ती म्हणाली, “तुमचं तोंड बघवत नव्हतं.” आमच्या संसारात एवढं लांबलचक प्रेमाचं बोलणं याआधी झालेलं मला आठवत नाही.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, सगळं ठीक झालं म्हणाल्या. आठवड्याने तपासणीचा अहवाल आला. काढलेल्या भागात कुठेही काही नव्हतं. चांगली बातमी होती ती, आणि तरी ती वाचताना चावी ज्या तीस जणींबद्दल बोलली होती त्या मला त्या कागदात उभ्या दिसल्या.

पण ते नंतरचं. ऑपरेशनच्या संध्याकाळी आम्हाला एकेकाला आत सोडलं. ती पांढरी पडली होती, छातीला पट्ट्या, दोन्ही बाजूंनी नळ्या. डोळे मिटलेले होते. मी खुर्ची ओढली तशी तिने ते अर्धे उघडले.

“बाबा,” ती म्हणाली. “फार दुखतंय.”

“हो गं.”

तिच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. लहानपणी सतरा गजर लावून टेबलामागे लपली होती, तेव्हा असाच हलला होता.

“तुमची चूक,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणालो. “माझीच.”

आणि ती झोपली.